न उघडलेलं कुलूप

माकडं घरात शिरण्याआधी निदान एकदा खोकायची, त्या काळातली ही गोष्ट.

माकडाने तिसऱ्यांदा गुळाचा डबा पळवला, तेव्हा गोदाकाकूंनी स्वयंपाकघराच्या खिडकीला नवा कडीकोयंडा आणि पितळी कुलूप लावून घेतलं. सुताराला जेवायची घाई होती. त्याने स्क्रू पिळून बसवायचे सोडून हातोडीने ठोकून दिले आणि तो निघून गेला.

"कुलूपदादा, आमची लाकडात पकडच नाही हो," कोयंड्याचे स्क्रू कुरकुरले. "काकूंच्या कानावर घाला ना."

"राखणदार मी आहे," कुलूप गुरकावलं. "तुम्ही गपचूप गंजत बसा!"

दुसऱ्या दिवशी दुपारी माकड आलं. त्याने कुलूप हलवलं, चावलं, दगडाने ठेचलं. कुलूप काही उघडेना. शेवटी वैतागून माकडाने एक हिसडा दिला. स्क्रू टपाटपा खाली पडले, कोयंडा कुलपासकट त्याच्या हातात आला आणि खिडकी सताड उघडली.

काकू ओरडत धावत येईपर्यंत माकड चिंचेवर पोचलं होतं. एका हातात गूळ, दुसऱ्या हातात कुलूप.

वरून कुलूप ओरडलं, "काकू, बिलकूल घाबरू नका! मी अजून उघडलो नाही!"