केरबाची झील

फार वर्षांपूर्वी पाणझरी गावात केरबा नावाचा एक मोटकरी होता. नेमकी किती वर्षं ते म्हाताऱ्यांना विचारू नका, प्रत्येकजण आपला आजा त्यात घुसडतो. विहिरीवर बैल जुंपायचे, चामड्याची मोट खाली सोडायची, भरली की वर ओढायची आणि ओढताना गायचं, हे केरबाचं काम. त्याचं गाणं कानी पडल्याशिवाय बैल पाऊल उचलत नसत, असं म्हणतात.

जत्रेच्या फडात हाच केरबा झीलकरी असायचा. शाहिरानं डफावर थाप मारून ओळ म्हणायची, आणि मागे उभ्या झीलकऱ्यानं ‘जी रं जी जी’ करत तो सूर धरून ठेवायचा, शाहिराला पुढची ओळ सुचेपर्यंत. नाव शाहिराचं, फेटा शाहिराचा, वारा मात्र झीलकऱ्याच्या छातीतला.

गावचा शाहीर धोंडजी. चाळीस वर्षं तो एकाच बाडातली कवनं गात होता. बाड त्याच्या बापाचं, आणि बापानं कुठून उतरवलं ते देवाला ठाऊक. त्यातल्या एका ओळीचा अर्थ कुणाला कळत नव्हता. पण कळत नाही म्हणजे थोरच असणार, अशी जाणत्या लोकांची अक्कल.

खरी कवनं करायची ती हौसा कुंभारीण. मडकं थापटता थापटता त्या ठेक्यावर ती ओळी जुळवायची. केरबा जाता-येता ऐकायचा आणि मोटेवर गायचा. मोटेवरून त्या ओळी खळ्यावर गेल्या, खळ्यावरून हळदीला, हळदीवरून पाळण्याला. अख्खं गाव हौसाचं गात होतं आणि धोंडजीला मुजरा करत होतं.

एकदा केरबा म्हणाला, “शाहीर, यंदा हौसाचं एक कवन घिऊ की फडात. चालीवर लई बेस बसतंय.”

“गाडग्याचं गाणं हाय ते, काव्य न्हवं,” धोंडजी म्हणाला. “आन् बाईनं तोंड उघडलं की फड बाटतो. झीलकऱ्यानं झील धरावी, डोकं लावू नये.”

पारावर बसलेल्या पंचांनी माना डोलावल्या. माना डोलवायला त्यांना कारण लागत नसे.

तर त्या साली चैत्राच्या जत्रेला कासारवणीचा मैराळ शाहीर फड घेऊन आला. फडाचा कायदा जुना होता. सवाल टाकायचा गाण्यात, जबाब द्यायचा गाण्यात. जबाब सुचेपर्यंत झील चालू ठेवायची. जोवर झील चालू तोवर डाव चालू, झील तुटली की डाव गेला, आणि जबाब बसला की सवाल टाकणारा हरला. आणि हरलेल्या गावानं पुढल्या जत्रेपर्यंत गायचं नाही. हळदीला नाही, पाळण्याला नाही, मोटेवर नाही. शेजारचं एक गाव असं हरलं होतं. त्या साली तिथली लग्नं तेराव्यासारखी उरकली, नवऱ्या मुक्यानं मांडवातून गेल्या.

केरबाच्या लेकीचं, लाडीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. सकाळी निघताना ती म्हणाली होती, “आबा, माझी हळद मुकी करू नगा बरं का.” केरबा हसला होता.

ऊन कललं तसा देवळापुढच्या पारावर मैराळनं सवाल टाकला:

“घेतल्याबिगर चालंना, ठेवलं तर जीव जाई,
राजाकडं तेवढंच, भिकाऱ्याकडंबी तेच हाई,
उसनं देता येईना, कोठीत भरता येत न्हाई,
सांग रं शाहिरा धोंडजी, ही दौलत हाय तरी काई?”

जबाब शेंबड्या पोरालाही आला असता. पण धोंडजीला आयुष्यात कधी डोकं चालवावं लागलं नव्हतं, पान उलटायची तेवढी सवय. त्यानं बाड उघडलं. पहिलं पान, दुसरं पान. मागे केरबानं आणि दोघा जोडीदारांनी झील धरली.

“जी रं जी जी...”

धोंडजी पानं उलटत राहिला. एक जोडीदार खोकला आणि खाली बसला. दुसऱ्याला भोवळ आली. केरबा एकटा उरला. जबाब त्याला केव्हाच उमगला होता, तो त्याच्या छातीतच तर जळत होता. पण बोलला तर झील तुटणार. आणि नुसता शब्द चालत नव्हता, कवन हवं होतं, चालीवर बसलेलं. खाली माणसं एकमेकांच्या कानात जबाब कुजबुजत होती, पण चार ओळी कुणाला जमत नव्हत्या.

देवळाच्या कळसाची सावली पारावरून निघाली आणि नदीला टेकली, तरी केरबाची झील चालूच होती. तो श्वास कधी घेतो ते कुणाला दिसलं नाही, असं म्हणतात. तिकडे कोसभर लांब मळ्यात त्याच्या बैलांनी ती झील ऐकली, दावी तोडली आणि विहिरीच्या धावेवर, मोट ओढायच्या उतारावर, जाऊन ते आपसूक चालू लागले. मोट बांधलेली नव्हती, तरी पाटाला पाणी आलं, असंही म्हणतात. म्हाताऱ्यांच्या बाकी थापा मी मानत नाही. ही मानतो.

शेवटी केरबाच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. त्याला लाडीचा हळद लावलेला मुका चेहरा दिसला. तसा तो झील धरूनच पारावरून उतरला. माणसं बाजूला झाली. जत्रेच्या कडेला हौसा मडकी मांडून बसली होती. केरबा तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

“आत्ता आली व्हय आठवण?” हौसा म्हणाली. “गाडग्याचं गाणं लागतंय व्हय फडाला?”

केरबाला बोलता येईना. त्यानं तिचं लाकडी थापटणं उचललं आणि पालथ्या मडक्यावर तिचाच ठेका धरला. डोळ्यांतून पाणी चाललेलं, तोंडानं ‘जी रं जी जी’.

पारावरून पंचांतला थोरला, तात्या, ओरडला, “हौसे, तोंड उघडशील तर खबरदार!”

“तात्या, तुमचं उघडंच हाय की मगापासून! सुचलं का काय?”

जत्रा हसली. हौसानं केरबाच्या हातून थापटणं घेतलं, त्याच्या भात्यासारख्या हलणाऱ्या छातीकडं एकदा पाहिलं, आणि गायली:

“घेतला की सोडायचा, सोडला की घ्यायाचा,
श्वास हाय रं मैराळा, न्हाई कुणाच्या बापाचा.
पोथीत धुंडला धोंडजीनं, छातीत व्हता केरबाच्या,
सोड रं केरबा, सोड आता, वारा हाय हा साऱ्यांचा!”

आणि बायांनी झील उचलली. आधी दहा-वीस, मग शंभर, मग पुरुष, मग कासारवणीची माणसंसुद्धा. ‘जी रं जी जी’नं नदीचं पाणी थरथरलं. केरबानं सूर सोडला आणि खाली बसला. हौसानं नवा माठ नदीत बुडवून आणला आणि त्याच्या ओंजळीवर ओतला. तो पाणी पीत राहिला, हसत राहिला. तिकडे मळ्यात बैल थांबले. सगळं रान भिजलं होतं.

तात्याला तेही पाहवलं नाही. “बाईचा जबाब धरता येत न्हाई!” म्हणाला. स्वतःचं गाव वर्षभर मुकं झालं तरी चालेल, पण आपला शब्द पडता कामा नये.

मैराळनं डफ खाली ठेवला. “तुमी नका धरू, तात्या. मी धरला. झील तुटली न्हवती. मी हरलो. आन् आमच्या गावाचं गाणं बंद करायचं का न्हाई, ते ह्या बाईला इचारा.”

“कशाला बंद करताय?” हौसा म्हणाली. “आता तर तुमी आमच्याबरुबर गायलासा.”

त्या दिवसापासून हरलेल्या गावाला मुकं करायची चाल मोडली. लाडीची हळद तीन दिवस गाजली. केरबाचा आवाज महिनाभर बसला होता, तो नुसत्या टाळ्या वाजवत बसला. धोंडजी मात्र मरेपर्यंत सांगत राहिला की ते कवन त्याच्याच बाडात शेवटच्या पानावर होतं. ते पान वाळवीनं खाल्लं म्हणे.

पाणझरीत अजून एक रीत आहे. गाताना, बोलताना कुणी अडकलं तर हसायचं नाही. नवरी उखाण्यात अडली, म्हातारी ओवीत विसरली, की कुणीतरी हळूच ‘जी’ धरतं आणि बाकीचे उचलतात, शब्द सापडेपर्यंत. गेल्या साली जत्रेला शहरातला ऑर्केस्ट्रा आला. गाणारा ऐन गाण्यात ओळ विसरला, घाबरून वादकांकडं बघायला लागला. तर समोरच्या दोन हजार माणसांनी झील धरली. त्याला ओळ आठवली आणि रडूही आलं.

शाळा तेवढी राहिली होती. तिथं फळ्यापुढं अडकलं की मास्तर हसायचे आणि वर्गाला हसवायचे. परवा कुंभाराची एक पोर कवितेत अडकली. मास्तर हसले. वर्ग हसला नाही. मागच्या बाकावरून ‘जी’ आलं, मग पुढून, मग खिडकीतून, बाहेर गुरं राखणाऱ्यांकडून. मास्तर छडी आपटून दमले आणि खुर्चीत बसले. पोरीनं कविता पुरी म्हटली.

त्या गावात कुणाला धीर द्यायचा तर अजून एवढंच म्हणतात: सावकाश सांग. झील धरलीय.