येतो म्हणून गेलेला राजा

एका राज्यात हिवाळा सरेना, आणि याला दोषी होता तिथला राजा अरिंजय. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या राज्यातल्या वडीलधाऱ्यांनी हा दोष वाटेल त्याच्या गळ्यात बांधून पाहिला होता. कोणी ग्रहांना बोल लावला, कोणी शेजारच्या राज्याला, आणि उरलेल्यांनी तरुण पोरांना. पोरं उशिरा उठतात म्हणून सूर्य रुसला, असं राजमांत्रिक वज्रदंत भर दरबारात म्हणाला, आणि सगळ्या पांढऱ्या दाढ्या एकसाथ डोलल्या.

हिवाळा दर वर्षी थोडा थोडा लांबत गेला. आधी होळीपर्यंत धुकं राहू लागलं. मग चैत्रात पालवी फुटेना. मग आंब्याचा मोहर झाडावरच काळा पडू लागला. एका वर्षी चैत्रातल्या कडाक्यात राणीच्या छातीत गारठा भरला आणि ती गेली. त्या वर्षी राजानं प्रजेला घोंगड्या वाटल्या. प्रजेनं त्याचा जयजयकार केला, आणि राजानं सज्जात उभं राहून तो शेवटपर्यंत ऐकला.

राजाला मात्र सगळं ठाऊक होतं.

दर वर्षी माघ सरताना एक खंड्या पक्षी त्याच्या खिडकीत येऊन बसे. पंख निळे, चोच लांब, तोंडाचा फटकळ. तो विचारी, "राजा, डोह विचारतोय, कधी येतोस?" राजा म्हणे, "येतो म्हणून सांग," आणि खिडकी लावून घेई. पुढे पुढे तो उत्तरही देईनासा झाला, नुसतीच खिडकी लावी. शेवटी त्यानं ती खिडकी विटांनी चिणून टाकली आणि वर एक सुंदर पडदा लावला.

मग एक वर्ष असं आलं की ज्येष्ठ लागला तरी दवाचं पाणी पानांवर गोठलेलंच. त्या वर्षी राजकन्या शाल्मली आजारी पडली. राजाची ती एकुलती लेक. शेकोटीला चिकटून बसली तरी तिला ऊब लागेना. थंडीत मासा जसा तळाशी जाऊन निपचित पडतो, तसं तिचं सगळं मंदावलं. एक शब्द बोलून झाला की दुसऱ्याची वाट पाहावी लागे. वज्रदंतानं तिच्या खोलीत चंदन जाळलं, धूप जाळला, आणखी काय काय जाळलं.

"आबा," शाल्मली म्हणाली, "यांना... बाहेर काढा. मरायचंच असेल तर... थंडीनं मरेन. धुरानं नको."

राजाला हसू आलं आणि लगेच रडू आलं.

"आबा, पुढचा उन्हाळा... मला दिसेल ना?"

राजा उठला, आपल्या दालनात गेला, पडदा फाडला आणि स्वतःच्या हातांनी विटा उपसल्या. बाहेर कठड्यावर खंड्या बसलेलाच होता.

"भिंतीशी बोलून बोलून चोच दुखली माझी," तो म्हणाला. "आलास का शुद्धीवर?"

"काय मागते ती डोहातली?"

"तीन गोष्टी. पहिली मी सांगतो. तुझ्या हातानं गळ टाक आणि तिला पाण्याबाहेर काढ. उरलेल्या दोन ती सांगेल. नोकर नको, पालखी नको, तो धूरवाला तर नकोच. आणि मुकुट काढून ठेव. चमकतो. मासे बिचकतात."

राजानं मुकुट काढला, वेळूची काठी घेतली आणि लेकीच्या उशाशी आला.

"कुठे... निघालात?"

"मासे धरायला."

"आत्ता?"

"येतो, पोरी," राजा म्हणाला, आणि तो शब्द उच्चारताना त्याची जीभ अडखळली.

सकाळी निघालेला राजा दुपारी मोरडोहावर पोचला. काळंभोर पाणी, भोवती खडक, वर धुकं. तारुण्यात तो इथे एक अख्खा हिवाळा राहिला होता. बापानं त्याला शास्त्रं शिकायला धाडलं होतं आणि तो गुरूच्या घरून पळून आला होता. तेवढी एक गोष्ट त्यानं आयुष्यात बरी केली.

त्या हिवाळ्यात त्याला ताम्रा भेटली होती. ताम्रा म्हणजे त्या डोहाची स्वामिनी. एरवी ती तांबूस खवल्यांची थोरली रोहू असे. हिवाळ्यात भर दुपारी, ऊन तळापर्यंत पोचलं की बाई होऊन खडकावर केस वाळवत बसे. तिनं त्याला थंडीतली मासेमारी शिकवली. उन्हाळ्यात मूठभर चारा टाकतात, थंडीत चिमूटभर टाकावा, कारण गारठ्यात माशाची भूक मरते आणि जास्त चारा पाहिला की तो तोंड फिरवतो. कणकेत भाजलेली तिळाची पेंड मळावी आणि गोळी हरभऱ्याएवढी करावी. मोरपिसाचा देठ दोरीला बांधून पाण्यावर उभा तरंगत ठेवावा आणि त्याच्यावरून नजर काढू नये. राजपुत्र रोज मासे धरी, रोज सोडून देई, आणि दुपारची वाट पाही. तेवढा सुखी तो पुढे कधीच झाला नाही.

मग बाप वारल्याचा निरोप आला. सिंहासन रिकामं होतं. राजपुत्र उठला, कपडे झटकले. ताम्रानं विचारलं, "चाललास?"

तो म्हणाला, "येतो."

आता त्या राज्यात निरोप घेताना कोणीच 'जातो' म्हणत नसे. ते अशुभ. वाण्याकडून मीठ घेतलं तरी 'येतो', ज्याचं तोंड पुन्हा पाहायचं नाही त्याच्या दारातूनही 'येतो'. माणसांमध्ये तो शब्द उंबऱ्याबाहेर पडला की विरून जाई, आणि कोणाला काही वाटत नसे. पण पाण्यात शब्द विरत नाही. तो तळाशी जाऊन बसतो. ताम्रानं तो खरा धरला. हिवाळ्यात गेला आहे, तर हिवाळ्यातच येईल. आल्यावर त्याला सगळं होतं तसं सापडावं, म्हणून ती दर वर्षी हिवाळा धरून ठेवू लागली. तो आला नाही, तसा तिनं तो अधिक घट्ट धरला.

राजा खडकावर बसला. घाई त्याच्या अंगात मुरलेली होती, त्यानं पहिल्याच दिवशी टोपलीभर चारा डोहात ओतला. मासे जे तळाशी गेले ते कित्येक दिवस वर आले नाहीत.

"जेवणावळ घातलीस की काय?" खंड्या काठीच्या टोकावर बसून म्हणाला. "घोंगड्या पण वाट."

राजा गोळ्या मळत बसून राहिला. धुकं उतरे, धुकं चढे. त्याच्या बोटांना भेगा पडल्या, त्यांत कणीक भरे आणि आग होई. महिना उलटला आणि दुसराही आला. खंड्या रोज राजवाड्यावर जाई आणि परत येई. "आज दोन घोट पेज घेतली." "आज बोलली नाही." "आज डोळे उघडे होते, पण हलत नव्हते." राजा ऐके आणि गोळी बदले. आता तो चिमूटभरच चारा टाकू लागला होता.

कधी कधी देठ थरथरे. राजा तो बुडायची वाट पाही. देठ बुडत नसे. थरथरून आडवा होई आणि पुन्हा उभा राही. दोर ओढून पाहावा तर गळ रिकामा.

"फुकटची कणीक खाऊन गेली," खंड्या म्हणे. "चांगलं अन्नछत्र आहे."

आणि मग एका दुपारी राजाला आठवलं. थंडीतली रोहू गळ खाली ओढत नाही. तळाची गोळी हलकेच ओठांत घेते आणि वर उठते, म्हणून देठ आडवा होतो. बुडायची वाट पाहणारा उपाशी राहतो. हे तिनंच त्याला शिकवलं होतं. शिकवताना त्याचं मनगट धरलं होतं. आणि तो सगळं विसरून, येईल ते खिडकीत आपोआप येईल अशा थाटात सिंहासनावर बसून राहिला होता.

देठ थरथरला. आडवा झाला. राजानं काठी उचलली.

वेळू वाकला. भिजलेला ओंडका ओढावा तसं ते वजन होतं. त्यानं झटका दिला नाही. त्या वजनानं सावकाश एक फेरा मारला, आणि मग ते आपण होऊन काठाकडे आलं. राजानं गुडघाभर पाण्यात उतरून दोन्ही हातांनी तिला उचललं. काठाच्या ओल्या गवतावर ती बाई झाली. गळ अजून ओठात होता. राजानं तो हलकेच काढला.

ताम्राला एक दिवससुद्धा वय चढलं नव्हतं.

"म्हातारा झालास," ती म्हणाली.

"झालो."

"मला वाटलं, परवापर्यंत येशील."

"मी विसरलो नव्हतो, ताम्रा."

"तेच तर. विसरला असतास तर सोडून दिलं असतं."

राजानं ओला दोर काठीला गुंडाळला.

"दुसरी गोष्ट," ताम्रा म्हणाली. "तेव्हा जे म्हणायला हवं होतं, ते आता म्हण."

"ते अशुभ असतं."

"तुझी राणी गेली, ते शुभ होतं?"

राजानं ओठ ओले केले. आयुष्यभर त्यानं तो शब्द कोणाला उद्देशून उच्चारला नव्हता.

"जातो, ताम्रा."

वीज कडाडली नाही. धुकं पाण्यावरून हातभर वर उचललं गेलं, इतकंच. ताम्रानं एक मोठा श्वास सोडला.

"त्या दिवशी म्हणाला असतास तर एक हिवाळाभर रडले असते," ती म्हणाली. "पालवी फुटेपर्यंत बरी झाले असते. आता तिसरी गोष्ट. हिवाळ्याच्या गाठीचं एक टोक सुटलं, दुसरं तुझ्या लेकीत अडकलंय. तिची आई कशानं गेली, ते तिला सांग. मी नाही सांगणार, हा पक्षीही नाही. तू सांग."

"राज्य माग," राजा म्हणाला. "डोळे माग. हे नको. मला तिच्याशिवाय कोणी नाही."

"मलाही कोणी नव्हतं."

ती पुन्हा रोहू झाली. राजानं तिला दोन्ही तळव्यांवर पाण्यात धरून ठेवलं. कल्ले नीट हलू लागले, तेव्हा ती स्वतःच निसटून खोल गेली.

राजा परतला तो राजवाड्याच्या दारातच वज्रदंतानं त्याला गाठलं. राजा लेकीला सगळं सांगायला निघालाय, एवढंच खंड्यानं त्याला ओरडून सांगितलं होतं.

"महाराज, पूर्वजन्मीचा शाप होता म्हणून सांगा," तो कानाशी लागून म्हणाला. "थोरांनी लहानांना सगळंच सांगायचं नसतं. आदर राहत नाही."

हा सल्ला राजाला फार आवडला. तो शाल्मलीजवळ बसला आणि म्हणाला, "पोरी, पूर्वजन्मी एक शाप..."

समईची ज्योत हलायची थांबली. शाल्मलीच्या बोटांवरून एक पांढरी रेघ कोपरापर्यंत चढत गेली. पापण्यांवर हिमाचे कण धरले.

"नाही," राजा घाईनं म्हणाला, "नाही, थांब. शाप नव्हता. मी होतो."

आणि त्यानं सांगितलं. डोह, ताम्रा, तो शब्द. दर माघात येणारा पक्षी. चिणलेली खिडकी. ऐकता ऐकता शाल्मलीची नखं गुलाबी होत गेली, आणि तिचे शब्द एकमेकांच्या जवळ येऊ लागले.

"आई खोकत होती, त्या वर्षीही पक्षी आला होता?"

"आला होता."

"तुम्ही काय केलंत?"

"खिडकी लावून घेतली."

"का?"

"लाज वाटत होती. इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडानं जायचं, असं वाटे. पुढच्या वर्षी जाऊ, असं वाटे."

"किती लांब आहे तो डोह?"

राजाला हा प्रश्न नको होता. "सकाळी निघालं की दुपारी पोचता येतं."

शाल्मली रडली. आसवं ऊन होती. बाहेर छपरावरचं हिम धडाधड कोसळलं, नद्या सुटल्या, आणि आंब्यांना एका दुपारीत मोहर, कैरी आणि पाड लागला. लोक घोंगड्या फेकून रस्त्यावर आले. हा आपल्याच धुपाचा प्रताप असं वज्रदंतानं जाहीर केलं, आणि पांढऱ्या दाढ्यांनी त्याला शाल पांघरली. उन्हाच्या काहिलीत तो ती घालून मिरवला.

ताम्रा तळाशी शांत झाली. पुढचा हिवाळा कार्तिकात आला आणि शिशिर संपताच मुकाट निघून गेला. राजानं गादी शाल्मलीला दिली. तिनं राज्य चोख चालवलं. म्हाताऱ्या राजाला दोन वेळचं गरम जेवण, स्वच्छ कपडे आणि दक्षिणेकडची उबदार खोली मिळत राहिली. तो पुष्कळ वर्षं जगला. शाल्मली त्याच्याशी पुन्हा एक शब्दही बोलली नाही.