मग बिघडवून दाखव

“काय केलास?”

“नीट केली, चाचा.”

“त्ये दिसतंय. काय केलास, त्ये सांग.”

दस्तगीरचाचा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बशीतला चहा फुंकत होते. वय सत्तरच्या पुढं. आधी यंत्रमागांचे जॉबर, म्हणजे अडलेला माग चालू करून देणारे. मग रेडिओ, मग टीव्ही, आणि आता इचलकरंजीतल्या या पत्र्याच्या दुकानात कॉम्प्युटर. इंग्रजी वाचता येत नाही. तरी मी त्यांच्याकडं शिकत होतो. ज्यांना इंग्रजी वाचता येतं त्यांच्याकडं कॉलेजात दोन वर्षं काढून बघितली होती. त्यांनी हजेरी सोडून काही शिकवलं नाही.

टेबलावर मशीन उघडी पडली होती. उभा पंखा तिच्याकडं तोंड करून घरघरत होता. मी स्वतः जुळवलेली ही पहिली मशीन, कबड्डीच्या रिप्लेसाठी.

काल सेमीफायनलच्या शेवटच्या चढाईला पंचांनी रिप्ले मागितला आणि अख्ख्या मैदानासमोर पडदा निळा झाला. निर्णय अंदाजानं दिला. हरलेला चढाईपटू रेषेवरच बसून रडला. मी बघितलंय.

आज पाचला फायनल. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब सकाळीच फोनवर गरजले होते, “कॉलेज सोडलेल्या पोराची मशीन घेतली, ही आमचीच चूक. तीनला टेंपो येईल. खात्री असली तर मशीन दे. नसली तर रिप्लेविना खेळवू, आणि तू परत तोंड दाखवू नको.”

दोष रॅमच्या पट्ट्यांत होता, एवढं मला कळलं होतं. काम चालू असताना कॉम्प्युटर सगळं त्या पट्ट्यांत धरून ठेवतो. त्यातलं एक अक्षर जरी निसटलं तरी खेळ खलास. माझ्या पट्ट्या होत्या वेगवान, ६४०० च्या. सकाळी घरी चाचणी लावली तर पडदा लाल ओळींनी भरला. एक लाल ओळ म्हणजे एक चूक.

आणि आता दुकानात तासभर तीच चाचणी चालू होती. लाल ओळ एकही नाही!

“पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या,” मी बोटं मोडत सांगितलं. “जागा बदलल्या. मदरबोर्डचं आतलं सॉफ्टवेअर, बायोस, नवीन टाकलं. वेग ६००० वर आणला. व्होल्टेज वाढवलं.”

“पाच.”

“पाच.”

“कशानं झालं?”

“सगळ्यानं मिळून.”

चाचांनी बशी खाली ठेवली.

“मग बिघडवून दाखव.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“चाचा, पावणेबारा वाजलेत. चालू मशीन बिघडवू?”

“तुज्याच हातानं नीट झालीया न्हवं? मग त्याच हातानं बिघडव की, मर्दा.”

म्हाताऱ्यांचं हेच. पोरानं काही करून दाखवलं रे दाखवलं की यांना परीक्षा सुचते. नापासाला हाकलायचं आणि पास झालेल्याला परत बसवायचं. रागानंच बसलो. व्होल्टेज पूर्वीएवढं केलं, चाचणी लावली.

वीस मिनिटं. एकही लाल ओळ नाही.

वेग परत ६४०० केला. मनात म्हटलं, आता बघा म्हातारबा.

वीस मिनिटं. काही नाही.

“बिघडली?”

“नाही.”

“बिघडव.”

पट्ट्या पहिल्या जागी लावल्या. काही नाही. जुनं बायोस परत टाकलं. काही नाही!

राग कधी गेला कळलंच नाही. उरलं होतं खोडरबर. घासून स्वच्छ केलेलं परत मळवायचं कसं? मी कपाळावरचा घाम बोटावर घेतला आणि पट्टीच्या सोनेरी कडेवर फिरवला. शप्पथ, फिरवला.

“वर जरा मीठ बी लाव,” चाचा म्हणाले.

पट्टी बसवली. चाचणी. डोळ्याची पापणी न लववता बघत राहिलो.

काही नाही.

मशीन जशी सकाळी होती तशीच होती. त्याच पट्ट्या, तोच वेग, वर माझा घाम. आणि ठणठणीत! म्हणजे माझे पाच उपाय या पाच थापा होत्या. कालही ती अशीच ठणठणीत होती, मैदानावर जाईपर्यंत. आजही तशीच जाईल, आणि पाच वाजता…

दोन वाजत आले होते.

“चाचा!” मी जवळजवळ ओरडलोच. “ही बिघडत का नाही?”

“आत्ता इचारलास.”

ते उठले. एप्रिलचं ऊन पत्र्यावर तापलं होतं. सदऱ्याची वरची दोन बटणं काढली, सकाळपासून टेबलाकडं बघत असलेला पंखा मानेला धरून स्वतःकडं वळवला, आणि स्टुलावर बसून डोळे मिटले. टेबलावर चाचणी चालूच होती.

…

पाच मिनिटं.

…

आठ.

अकराव्या मिनिटाला एक लाल ओळ. मग तीन. मग मोजता येईनात.

“बिघडली!” मी टेबलावर मूठ आपटली. “बिघडली! चाचा, बिघडली!”

शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातून सुमनवैनी धावत आल्या.

“काय झालं रं?”

“बिघडली, वैनी!”

“मग नाचालास काय, मुडद्या?”

नाचत होतो खरा. पंखा! पट्ट्या तापत होत्या, बाकी काही नाही. घरी कॅबिनेट बंद. मैदानावर कॅबिनेट बंद, वर ताडपत्री. आणि दुकानात आणली की मी पहिलं काम काय करायचो? झाकण उघडायचो आणि तिला पंख्यासमोर बसवायचो. म्हणजे मी दुरुस्त करत होतो तेव्हा ती आजारीच नव्हती. वर व्होल्टेज वाढवून शहाणा तिला आणखी तापवत होतो.

पंखा तिच्याकडं फिरवला. लाल ओळी थांबल्या. झाकण लावलं. सहा मिनिटांत परत लाल. उघडलं, थांबल्या. आता ती माझ्या हातात होती, नळाच्या तोटीसारखी.

भंगारातल्या एका कॅबिनेटचा तळहाताएवढा पंखा काढला, केबल टायनं पट्ट्यांसमोर बांधला. झाकण लावलं. दुकानातला उभा पंखा बंद केला.

“मला मारतोस काय?” चाचा म्हणाले.

“वीस मिनिटं फक्त.”

ते घामानं भिजले, पण उठून बटण दाबलं नाही.

वीस मिनिटं. स्वच्छ. झाकण काढून छोट्या पंख्याची वायर उपटली, झाकण लावलं. लाल. वायर परत जोडली. स्वच्छ.

“सांगा चाचा, कधी बिघडवू? म्हणाल तेव्हा बिघडवतो!”

“ऱ्हाऊ दे. पंखा लाव आदी.”

बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला.

त्या संध्याकाळी फायनलला नऊ रिप्ले मागितले गेले. नववा शेवटच्या चढाईला. पाय रेषेच्या आत की बाहेर, सगळं मैदान श्वास रोखून पडद्याकडं बघत होतं, आणि पडद्यावर तो पाय लख्ख दिसला. बाहेर. अण्णासाहेबांनी माईकवर सांगितलं, “आमच्या मंडळाची मशीन!” माझं नाव घेतलं नाही. या पिढीकडून मी तशी अपेक्षाही ठेवत नाही.

पण ते नंतरचं. टेंपोत मशीन चढवताना माझा राग परत आला होता. मी मागं फिरलो.

“चाचा, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं.”

“काय?”

“पंख्याचं! दोन तास मला गाढवागत राबवलंत. घाम पुसायला लावलात पट्टीला. आणि मग ऐटीत पंखा वळवलात. आधीच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं?”

चाचांनी टॉवेलनं मान पुसली. माझ्याकडं बघितलं…

“न्हाई लेका. मला उकडत हुतं.”