दहांपैकी चार

हे मी सांगायला नको होतं. विहारात ऐकलेलं विहारातच ठेवायचं, असं मला, तिथल्या झाडलोट करणाऱ्याला, बजावलेलं आहे. म्हणून गावाचं नाव तेवढं लिहीत नाही. वैनगंगेच्या काठी आहे, इतकं पुरे.

"म्हणजे चेंडूला हातच लावायचा नाही?" भंते शीलरत्नांनी विचारलं.

"नाही लावायचा, भंतेजी."

"अकरा वर्षांत एकदाही नाही?"

"एकदा अंगावर येऊन पडला होता," सिद्धांत गजभिये म्हणाला. "मीच घाबरलो."

भंते हसले. सिद्धांतही हसला, आणि त्याच्याखालची सतरंजी चुरगळली. त्याला बसायला दिलेली ती सतरंजी एरवी दोघांना पुरते. तो बसल्यावर ती दिसेनाशीच झाली होती. सहा फूट पाच इंच उंची, एकशे चाळीस किलो वजन. उजव्या हाताची दोन बोटं मोडून जुळलेली, ती जुळताना जराशी बाहेर वळलेली.

जन्म अमेरिकेतला, पण वाढवलं आजीने. त्यामुळे त्याची मराठी पन्नास वर्षांपूर्वीच्या भंडाऱ्याची होती, गावातल्या शाळेतली मुलंही आता बोलत नाहीत तशी. त्याचे वडील आणि भंते एका बाकावर शिकलेले. पुढे एकाने परदेश गाठला, दुसऱ्याने चीवर घेतलं. वडील दोन वर्षांपूर्वी गेले.

भंतेंना त्याने आपलं काम समजावून सांगितलं. तिकडे ज्याला फुटबॉल म्हणतात तो पायाने फार कमी, हातानेच जास्त खेळतात. आपल्यातला एक जण चेंडू घेऊन मागे उभा राहतो. त्याच्यापुढे पाच धिप्पाड माणसं रांगेत वाकतात. समोरून तेवढीच धिप्पाड माणसं त्याला पाडायला धावून येतात. त्यांना तीन-चार सेकंद थोपवून धरायचं, छातीने, खांद्याने, नाहीतर डोक्याने. सिद्धांत त्या रांगेतला डावीकडचा शेवटचा माणूस. लोक पाहतात ते चेंडूकडे. समोरच्याचा सदरा धरून त्याला ओढलं, तरच शिट्टी वाजते आणि सत्तर हजार लोकांसमोर याचा नंबर भोंग्यावर पुकारतात.

"म्हणजे पुकारा झाला की समजायचं, चुकलं," भंते म्हणाले.

"अगदी. माझी आई टीव्हीपुढे हात जोडून बसायची. पोराचं नाव येऊ नये म्हणून."

यंदा त्याला आणखी एका हंगामासाठी बोलावणं आलं होतं. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. बायको नको म्हणत होती. तिचं म्हणणं, तू गाडीच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवतोस. त्यावर तो म्हणाला होता, किल्ल्या ताज्या राहतात. ती हसली नव्हती.

त्याला सल्ला नको होता. तसं त्याने आल्या आल्याच सांगितलं. त्याला परित्राणाचा, म्हणजे रक्षणाचा, दोरा हवा होता. बुद्धमूर्तीच्या पायाशी ठेवलेल्या रिळाचा पांढरा दोरा भंतेंनी मनगटाला बांधला, की तो गाडीत बसून होकार कळवणार होता. डॉक्टरांनी तर त्याला कधीच पास केलं होतं.

दोऱ्याआधी पंचशील घ्यायचं असतं. भंते एकेक शील म्हणत गेले, तो मागून म्हणत गेला. उच्चार आजीचे, आवाज नगाऱ्यासारखा. पहिलं झालं. दुसरं झालं. तिसरं झालं.

चौथ्याला तो थांबला. चौथं शील खोटं न बोलण्याचं.

"काहून थांबलास?" भंतेंनी विचारलं.

"हे खोटं बोलून कसं म्हणू, भंतेजी?"

आणि ओठांतल्या ओठांत हसत त्याने ती गोष्ट सांगितली. खोडी पचलेला मुलगा सांगतो तशी, थोडी शरमेने आणि बरीचशी ऐटीत.

हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूच्या डोक्याची परीक्षा घेतात. डॉक्टर दहा शब्द वाचून दाखवतात. मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारतात, आणि थोड्या वेळाने ते दहा शब्द विचारतात. किती आठवले ते कागदावर लिहून ठेवतात. पुढे मैदानात कुणाच्या डोक्याला मार बसला, की पुन्हा तशीच परीक्षा. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवायचे. कमी भरला, तर त्याला बाहेर बसवायचं.

बाहेर बसलेल्याची जागा दुसरा घेतो. आणि घेतलेली जागा कुणी परत देत नाही.

म्हणून रांगेतल्या जुन्या माणसांनी त्याला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. आधीच्या परीक्षेत मठ्ठ व्हायचं. दहा आठवत असले तरी चारच सांगायचे. मग मार बसून डोकं गरगरत असलं, तरी चार कुठूनही गोळा होतात. आकडा तोच. फरक नाही. चला मैदानात.

"दरवर्षी चार?" भंतेंनी विचारलं.

"दरवर्षी चार. एका वर्षी चुकून पाच सांगणार होतो, जीभ चावली."

"आणि मार किती वेळा बसला?"

सिद्धांतने खांदे उडवले. तो कोण मोजतो?

भंतेंनी रिळाचं टोक शोधून काढलं. ते बोटांत धरूनच त्यांनी विचारलं.

"यंदाही चारच सांगितलेस?"

"नाही." तो ताठ बसला. "यंदा खोटं नाही बोललो. तेच तर सांगतोय. आता शेवटचा हंगाम, तर एकदा खरं काय ते होऊन जाऊ दे म्हटलं. बायको बाहेर बाकावर बसली होती. तिलाही कळू दे म्हटलं. दहाच्या दहा सांगितले, भंतेजी. धडाधड."

"मग डॉक्टर काय म्हणाले?"

"मागच्या अकरा वर्षांत काही फरक नाही म्हणाले. तसं लिहूनच दिलंय."

"फरक नाही?"

"काडीचा नाही."

भंते त्याच्याकडे पाहत राहिले. 

"आधी चार सांगायचास," भंते सावकाश म्हणाले. "यंदा दहा सांगितलेस. मग फरक नाही कसा, बेटा?"

 

सिद्धांतने खिशातून फोन काढला. त्याच्या हातात तो काड्यापेटीएवढा दिसत होता. अंगठा दोनदा चुकीच्या जागी पडला. फोनवर आलेला डॉक्टरांचा कागद त्याने आजवर पुरता वाचलाच नव्हता. खाली लिहिलेलं 'फरक नाही' वाचलं होतं, आणि बायकोला दाखवलं होतं. आकडा वर होता, एका लहानशा चौकटीत.

त्याने तो वाचला. फोन दूर धरून वाचला. मग जवळ आणून.

"चार," तो म्हणाला.

"छापताना चुकलं असेल," तोच पुढे म्हणाला.

"असेल," भंते म्हणाले.

"नाहीतर सवयीने तोंडातून चारच आले असतील. इतक्या वर्षांची सवय."

"तसंही असेल."

भंते नाही म्हणाले असते, तर तो भांडला असता. भांडायची तयारी खांद्यांत दिसत होती. पण समोरून कुणी धावून येत नव्हतं.

"मी दहा सांगितले होते," तो म्हणाला. आवाज आता नगाऱ्याचा नव्हता. "मला अजून ऐकू येतंय, मी सांगतोय ते. कोंबडा. पायरी. मीठ. छत्री..."

तो थांबला.

ओठ हलत होते. वाकड्या बोटांवर तो मोजत होता. चार बोटं दुमडली गेली. अंगठा तसाच उभा राहिला. तो त्या अंगठ्याकडे पाहत होता, जणू दुसऱ्याच कुणाचा अंगठा आपल्या हाताला लागलाय.

त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो गालावरून उतरून सतरंजीवर पडला, तरी त्याने पुसला नाही.

"भंतेजी," अखेर त्याने विचारलं, "आणखी काय काय विसरलो असेन मी?"

भंतेंनी चौथं शील पुन्हा म्हटलं. सिद्धांतने ते मागून म्हटलं, एकेक शब्द जपून, काठोकाठ भरलेला पेला उचलावा तसा. मग पाचवं झालं.

"हात," भंते म्हणाले.

त्याने उजवा हात पुढे केला. मनगट एवढं जाड, की भंतेंना दोरा दोन्ही हातांनी फिरवून घ्यावा लागला. तीन वेढे झाले. गाठ बसली. भंतेंनी हात मागे घेतले आणि डोळे मिटले.

बाहेर त्याला घेऊन आलेल्या चुलतभावाने गाडीचा हॉर्न वाजवला. नागपूर गाठायचं होतं, विमान होतं. सिद्धांत सवयीने उठू लागला. एक गुडघा वर आला, आणि मनगट किंचित ओढलं गेलं.

त्याने खाली पाहिलं. दोरा कापलेला नव्हता. त्याच्या मनगटापासून निघून तो सतरंजीवरून, फरशीवरून थेट मूर्तीच्या पायाशी ठेवलेल्या रिळापर्यंत गेला होता. रीळ दगडी पायरीच्या खाचेत अडकलं होतं. दोरा ताणून सरळ झाला होता.

तो तसाच राहिला, एक गुडघा वर, एक खाली. मग हात हळूच पुढे नेला, दोरा सैल पडेपर्यंत.

हॉर्न पुन्हा वाजला.

"भंतेजी," तो म्हणाला, "तोडा ना."

भंतेंनी डोळे उघडले नाहीत.

"कच्चं सूत आहे. तूच तोड."