चार घाटांचं तळं

ऐन तहानेच्या वेळी, ओंजळ पाण्यात घालण्याआधी, तुमच्या अंगावर काय उगवतं असं तुम्हाला कुणी कधी विचारलं आहे का?

एका मुलखात तसं विचारत. त्या मुलखात एकच तळं होतं आणि तळ्याला चार घाट होते. पहिला केसवाल्यांचा, दुसरा पिसवाल्यांचा, तिसरा खवलेवाल्यांचा आणि चौथा ओल्या कातडीच्यांचा. एका उन्हाळ्यात पाण्यावरून मारामाऱ्या झाल्या, तेव्हापासून ही व्यवस्था होती. ती सगळ्यांना पटली होती, कारण ज्यांना पटली नव्हती ते आता उरले नव्हते.

दर साल पळस फुलला की साळिंदर तळ्याच्या वाटेवरच्या सपाट खडकावर येऊन बसे. येईल त्याची पाठ चाचपून तो घाट ठरवी आणि पळसाच्या पानावर काट्याने टोचून नोंद करी. साळिंदराच्या स्वतःच्या पाठीवर काटेच होते. पण नोंद करणारा तोच असल्यामुळे, काटे म्हणजे जाड केस, असं पहिल्या पानावर पहिल्याच ओळीत टोचलेलं होतं.

खवली या रांगेत पूर्वी कधी आली नव्हती. ती जातीनं खवल्या मांजर. तळ्याच्या मातीच्या बांधाखाली, बाहेरच्या उतारावर तिचं बीळ होतं. रात्री बांधातली वाळवी उकरायची, लांब जिभेनं टिपायची आणि जाता जाता दोन घोट पाणी प्यायचं, एवढाच तिचा संसार. आजूबाजूच्या झाडांना वाळवी लागे, पडलेल्या ओंडक्यांना लागे, बांधात मात्र ती कधी माजली नाही. असं का, हा प्रश्न त्या मुलखात कुणाला पडला नव्हता.

यंदा खवलीला पिल्लू झालं. अंगावर पाजायचं तर दोन घोटांनी भागेना. ती दिवसाढवळ्या तळ्यावर आली, तेव्हा पहाऱ्यावरच्या रानकुत्र्यानं, कोळसुंद्यानं, दात दाखवले.

"नोंद कुठाय?"

म्हणून ती रांगेत उभी राहिली. पिल्लू शेपटीला घट्ट चिकटून बसलं होतं.

साळिंदरानं तिची पाठ चाचपली आणि पंजा झटकला. "खवले. तिसरा घाट. चला, पुढचा."

तिसऱ्या घाटावर घोरपड आडवी झाली. "अंडी कुठं घातलीस, बाई?"

"अंडी नाही घातली, ताई. हे पोरच झालं."

"पोर झालं? आणि त्याला घालतेस काय खायला?"

"दूध पाजते."

घाटावरचे साप हसून हसून दुहेरी झाले. घोरपड हसली नाही. "दूध पाजणारी आमच्यात कशी बसेल? उद्या आमची पोरं मागायला लागतील. जा, जिथून आलीस तिथं जा."

खवली परत खडकाशी आली. "साळिंदरदादा, मी दूध पाजते. पोटावर केसही आहेत. बघा."

"पोट बघायची पद्धत नाही. नोंद पाठीची होते."

"पण पाठीवरचे हेही केसच आहेत, दादा. घट्ट होऊन बसलेत इतकंच. तुमच्या काट्यांचं झालंय ना, तसंच."

रांगेतल्या एका वानरानं तोंडावर हात ठेवला. साळिंदराचे काटे हळूहळू ताठ उभे राहिले.

"माझ्या केसांना," तो सावकाश म्हणाला, "काटे म्हणालीस?"

"चुकलं माझं. मला दुसरा कुठला रकाना असेल तर द्या. कोपऱ्यातला द्या."

"'इतर' म्हणून एक रकाना होता. पण गेल्या उन्हाळ्यात त्यात कुणी जिवंतच राहिलं नाही, म्हणून बंद केला." साळिंदरानं पान उलटलं. मग जणू दया आल्यासारखा म्हणाला, "खवले काढून ये. खाली केस निघाले तर पहिल्या घाटावर घालीन. पोराचे अजून मऊ आहेत, त्याचं तुझ्यामागं बघू."

खवलीनं शेपटीवरच्या पिल्लाकडं पाहिलं. त्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते. तिनं त्याला खाली उतरवलं आणि ती कोळसुंद्यापुढं जाऊन आडवी झाली. संकट आलं की अंगाची गुंडाळी करायची, हे तिच्या जातीला जन्मताच ठाऊक असतं. त्या दिवशी ती सरळ पडून राहिली.

एकेका खवल्याला एकेक हिसका बसत होता. पहिले काही मोठ्यांनी मोजले, मग कंटाळून सोडून दिलं. वानरांच्या पोरांना मात्र खेळणं सापडलं. ती खवले गोळा करून पळाली आणि पहिल्या घाटावर बसून त्या खवल्यांनीच पाणी पिऊ लागली.

उन्हं कलल्यावर साळिंदरानं तिची पाठ पुन्हा पाहिली. खाली केस चार-दोनच होते. बाकी सगळं कच्चं मांस.

"हे काही केसात धरता येणार नाही," तो म्हणाला. "आता खवलेही नाहीत. कातडी ओली दिसतेय, चौथ्या घाटावर विचारून बघ."

चौथ्या घाटावरच्या म्हाताऱ्या बेडकानं तिला वास घेऊन पाहिलं. "आमची ओल पाण्याची असते, बाई," तो शांतपणे म्हणाला. "ही रक्ताची आहे. पाण्यात उतरू नकोस, पाणी नासेल."

दुसऱ्या घाटावर ती गेली नाही. पिसं आपल्याला नाहीत, एवढं तिलाही कळत होतं.

त्या दिवशी नवा नियम टोचला गेला, की नोंद नसलेल्यानं बांधावरही पाय ठेवू नये. खवली बांधाखालच्या खोलगट जागी पडून राहू लागली. पहाटेचं दव ती पानावरून चाटी आणि तेवढ्यावर पिल्लाला पाजी. वाळवी उकरायला गेलीच, तर वाळवीचे शिपाई उघड्या पाठीवर तुटून पडत. खवले होते तेव्हा तिला ते कधी जाणवलेही नव्हते.

बांधाला आता विचारणारं कुणी नव्हतं. वाळवीचे बोगदे एका अंगानं आत शिरले आणि दुसऱ्या अंगानं बाहेर निघाले. खवली मातीला कान लावून पडली की तिला आतलं खाणं ऐकू येई. पळसाची फुलं कधीच गळून गेली होती, शेंगाही वाळल्या होत्या, तेव्हा एका संध्याकाळी ती सरपटत खडकाशी आली.

"दादा, बांध आतून पोकळ झालाय. मला घटकाभर वर जाऊ द्या. पाणी नको. नुसती वाळवी खाते."

"तक्रार कोणत्या घाटातर्फे आहे?"

"घाटातर्फे नाही. मी सांगतेय."

"घाटाशिवाय तक्रार घेता येत नाही," साळिंदर म्हणाला आणि पान उलटलं. "एरवी आमची ना नव्हती."

"मग माझ्या पोराचं तरी बघा. माझ्यामागं बघू म्हणाला होतात."

साळिंदरानं पिल्लाची पाठ चाचपली. एवढ्या दिवसांत खवले टणक झाले होते. त्यानं नकारार्थी मान हलवली.

खवली पिल्लाला शेपटीवर घेऊन खाली आली. आपल्या खोलगट जागी येऊन तिनं त्याच्याभोवती अंगाची गुंडाळी केली आणि मग ती उठली नाही. दिवस बुडता बुडता बांध मधोमध खचला. तळ्याचं पाणी दरीच्या बाजूनं निघून गेलं. जाताना त्या खोलगट जागेत गुडघाभर तेवढं मागं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यात नुसता चिखल उरला होता. केसवाले, पिसवाले, खवलेवाले आणि ओल्या कातडीचे आपापल्या घाटावर रांगेनं उभे होते. बांधाच्या खिंडारातून सगळ्यांना खालचं पाणी दिसत होतं, आणि मेलेल्या आईच्या पाठीवर बसून ते पिणारं पिल्लूही दिसत होतं. पण तिथं घाट नव्हता, म्हणून कुणी हललं नाही. साळिंदरानं पहिलं पान उघडलं आणि नावं पुकारायला सुरुवात केली.