मागून आणलेलं दुपटं

एकदा काय झालं, डोंगरातल्या एका गावात तुळसा नावाची बाई राहायची. मोठी काळजीवाहू, बरं का! चुलीवर आजचा भात रटरटत असला, तरी हिला उद्याच्या भाकरीचा घोर. तिचा नवरा हैबती म्हणायचा, "अगं, घरात एक लेकरू हवं." तिलाही हवं होतं, फार हवं होतं. पण गावचा ओढा दर साली थोडा लवकर आटायचा. आपल्या लेकराला पुढे पाणी तरी मिळेल का, या विचाराने तिचा जीव घाबरायचा.

मग एके दिवशी दिवेलागणीला उंबऱ्यावर काजवा येऊन बसला. म्हणाला, "आई, येऊ का गं?"

तुळसा म्हणाली, "थांब रे सोन्या, आधी कणगी भरू दे." काजवा गेला.

कणगी भरली. दुसऱ्या वर्षी काजवा पुन्हा आला. "येऊ का?"

"थांब, तुझे कपडे शिवते." मग तिने पेटीभर अंगडी-टोपडी शिवली, सगळी नवीकोरी.

तिसऱ्या वर्षी काजवा आला, तो अगदी मिणमिणता. तुळसेने घाईघाईने पेटी उघडली. काजवा कपड्यांवरून फिरला आणि रडवेला झाला. "आई, यातलं पहिल्या दिवशी काहीच चालत नाही गं."

खरंच की! तान्ह्याला पहिलं वस्त्र जुनं घालायचं, तेही दुसऱ्याच्या घरून मागून आणलेलं. तुम्हालाही तसंच गुंडाळलं होतं. पण तुळसा कसली मागते? कुणाच्या दारात जायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं.

मग काय, गेली बिचारी लाजत लाजत. कुणी लुगड्याचा तुकडा दिला, कुणी धोतराचा. म्हाताऱ्या गोदूआत्याच्या दारात मात्र तिला राहवेना. "आत्या, पुढे ओढा पार आटला तर?"

आत्या म्हणाली, "पुढचं मला काय ठाऊक, पोरी? एका उन्हाळ्यात माझी घागर रिकामी होती, तेव्हा तुझ्या सासूनं तिची अर्धी ओतली. आता तुझं लेकरू तहानलेलं असताना मी एकटी पाणी पिईन होय?"

तुळसा तिथेच हमसून हमसून रडली. मग तिने सगळे तुकडे जोडून दुपटं शिवलं, उंबऱ्यावर अंथरलं आणि म्हणाली, "ये बाळा. पुढचं मला माहीत नाही. पण ये."

काजवा दुपट्यात शिरला, आणि वर्षाच्या आत घरात पाळणा हलला. मुलगी झाली. नाव ठेवलं उजळा.

तुळसेची काळजी गेली का? छे! ओढ्याकडे ती रोज बघायचीच. पण आता तिच्याबरोबर सगळं गाव बघायला लागलं, आणि सगळ्यांनी मिळून ओढ्याला बांध घातला. तिघं सुखाने राहिली.

आणि ते दुपटं? गावात मूल जन्मलं की तुळसेकडे मागायला यायचे. घरोघर फिरून फिरून मऊ झालंय अगदी. तेच आहे हो तुमच्या पायाशी. घ्या ओढून, आणि मिटा डोळे.