काळी चारवरचं बोट

"दादानं बोट उचललं होतं का?"

डॉक्टरला विचारलं. आईला विचारलं.

स्मशानातून दस्तगीरचाचा आमच्याबरोबर घरी आले. सुदामदादाला पेटी त्यांनीच शिकवली. त्यांनाही विचारलं.

चाचा उंबऱ्याशीच थांबून ऐकू लागले.

बाहेरच्या खोलीत सूर अजून चालूच होता. एकच. काळी चार पट्टीचा.

"हा कोण वाजवतोय?" चाचांनी विचारलं.

"दादा. बंद केलात तर याद राखा."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अर्ज्या सकाळपासून कुणाला हात लावू देत नाही. जीव जायची वेळ आली माझी."

"त्याच्या जागी दिवा ठेवलास ना? मग सूर का नको?"

चाचा म्हणाले, "अर्ज्या, सुदाम तर आतल्या खोलीत बसायचा."

"कीबोर्ड आत, एका कॉम्प्युटरला. आवाज काढणारा कॉम्प्युटर इथं. मधे तार."

दादा आतून ओरडायचा, 'अर्ज्या, सनई आली का?' मी इथून ओरडायचो, 'सनई नाय, म्हैस आली!' मग वाजवायचं राहायचं, नुसतं हसणं चालायचं.

चाचांना आठवलं. "मी म्हणायचो, मशिनीला मशीन बांधून गाणं होतं होय रे? तर काय म्हणायचा तो?"

"तारेतून सूर जातच नाही, चाचा. नुसता सांगावा जातो. कुठली पट्टी दाबली, किती जोरात... आणि कधी सोडली."

तो शेवटचा सांगावाच आला नव्हता.

चाचा आत गेले. मीही गेलो. खुर्ची अजून आडवीच होती, शेजारी दिवा. छातीला हात लावून दादा पडला, तेव्हा त्याचा पाय तारेत अडकला होता. तार निघालेली तशीच लोळत होती.

"जोड."

जोडली. सूर थांबला नाही.

"बघा! थांबतच नाही. वाटेत हरवलेला सांगावा तार परत आणत नाही."

"मग कुणी आणायचा?"

चाचांनी माझं बोट धरून काळी चारवर ठेवलं.

"दाब."

दाबली.

"आता उचल."

"नाही जमत, चाचा."

त्यांचा हात माझ्या हातावर होता. दाबत नव्हता, ओढतही नव्हता. दिव्याची वात जरा हलली.

मी बोट उचललं.

घरात एकदम काहीच उरलं नाही.

आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "थांबला का रे?"

चाचा म्हणाले, "पोचला, वहिनी."